वजाबाकीचे सौंदर्य : ट्रॅककेंद्री दुर्मिळ स्पोर्ट्स कारच्या आस्वादाची चिकित्सा

प्रस्तावना :

मोटारगाडी ही विसाव्या शतकातील अत्यंत प्रभावी अशा वस्तूंपैकी एक आहे. तिचे तंत्र, तिचे अर्थकारण आणि तिचे सामाजिक परिणाम यांचा अभ्यास विपुल प्रमाणात झाला आहे. सौंदर्यविचारानेही तिची दखल घेतली नाही असे नाही. इटालियन कवी मारिनेत्ती यांनी 1909 साली भविष्यवादाच्या जाहीरनाम्यात शर्यतीच्या मोटारीला प्राचीन ग्रीक शिल्पापेक्षा सुंदर ठरविले. न्यूयॉर्क येथील म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 1951 साली आठ मोटारींचे प्रदर्शन भरविले. फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ यांनी 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथॉलॉजीज' या ग्रंथात सित्रोएन डीएस या मोटारीवर स्वतंत्र निबंध लिहिला. तथापि संग्रहालयाची आणि बार्थ यांची दृष्टी ही मुख्यतः उभ्या गाडीकडे पाहणाऱ्या प्रेक्षकाची दृष्टी आहे. मारिनेत्तींच्या लेखी वेग आहे. परंतु तो घोषणेच्या स्वरूपात आहे, अनुभवाच्या तपशिलात नाही.

मोटारशौकिनांचा आस्वाद याहून वेगळा असतो. वळणावर गाडीचा तोल कसा राहतो, स्टिअरिंगमधून हातांना रस्त्याविषयी काय कळते, इंजिनाचा प्रतिसाद किती तत्पर आहे, अमुक एक भाग का काढून टाकला, या प्रश्नांभोवती तो फिरतो. शर्यतीच्या ट्रॅकशी निकटचे नाते असलेल्या आणि मोजक्याच संख्येने निघालेल्या स्पोर्ट्स कारच्या संदर्भात हा आस्वाद सर्वांत तीव्र झालेला आढळतो. अशा आस्वादाची घडण कशी झाली, त्याचे निकष कोणते आणि कालांतराने त्यांत कोणते विचलन झाले, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे. त्यासाठी पोर्शे कंपनीची 911 कॅरेरा आरएस 2.7 (1972-73) ही गाडी मुख्य उदाहरण म्हणून घेतली असून फेरारी व मॅक्लारेन यांच्या काही गाड्यांचा तुलनेसाठी विचार केला आहे.

1. आस्वादाची सैद्धांतिक बाजू :

इमॅन्युएल कांट यांनी 1790 सालच्या ग्रंथात सौंदर्याचे दोन प्रकार मानले. फुलाचे सौंदर्य जाणवण्यासाठी त्या फुलाचे प्रयोजन ठाऊक असावे लागत नाही. हे स्वायत्त सौंदर्य होय. घोडा किंवा इमारत सुंदर आहे असे म्हणताना मात्र ती वस्तू कशासाठी आहे याची कल्पना गृहीत असते. हे परायत्त सौंदर्य होय. मराठीत रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (1974) या ग्रंथात कलाविचाराची द्विध्रुवात्मकता मांडली. एका टोकाला कलेला जीवनव्यवहारापासून अलग ठेवणारी अलौकिकतावादी भूमिका आणि दुसऱ्या टोकाला तिला जीवनव्यवहाराशी जोडणारी लौकिकतावादी भूमिका, या दोन ध्रुवांमधील ताणाकडे त्यांनी लक्ष वेधले.

मोटारीचे सौंदर्य हे उघडच परायत्त सौंदर्य आहे. ती धावण्यासाठी आहे, ही जाणीव वगळली तर तिच्याविषयीचे विधान अपुरे राहते. परंतु ट्रॅककेंद्री गाडीच्या बाबतीत एक गुंतागुंत निर्माण होते. तिचे प्रयोजन सामान्य प्रवासाचे नसते. सामानाची सोय, प्रवाशांचा आराम, इंधनाची बचत या लौकिक उपयुक्ततांचा तिने बुद्ध्याच त्याग केलेला असतो. एका मर्यादित प्रयोजनासाठी, म्हणजे ठरावीक मार्ग कमीत कमी वेळात पार करण्यासाठी, इतर सर्व प्रयोजने ती बाजूस सारते. म्हणजेच ती एकाच वेळी प्रयोजनाला घट्ट बांधलेली असते आणि दैनंदिन व्यवहारातून मुक्तही असते. शौकिनांच्या आस्वादातील तीव्रतेचे मूळ या दुहेरी स्थितीत शोधावे लागते.

2. नियमातून जन्मलेली दुर्मिळता :

अशा गाड्यांच्या दुर्मिळतेकडे आज मौल्यवानतेची खूण म्हणून पाहिले जाते. प्रारंभी मात्र ती शर्यतीच्या नियमांचा आनुषंगिक परिणाम होती. विशिष्ट गटात गाडी उतरवायची तर तिच्या किमान अमुक इतक्या प्रती तयार झाल्या पाहिजेत, अशी आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाची अट असे. या प्रक्रियेला होमोलोगेशन म्हणतात. शर्यतीसाठी एकच गाडी हवी असली तरी निर्मात्याला शेकडो गाड्या तयार कराव्या लागत आणि त्या खपविण्यासाठी सामान्य ग्राहकाला विकाव्या लागत. ट्रॅकसाठी कल्पिलेली गाडी रस्त्यावर आली ती अशा व्यावहारिक सक्तीमुळे.

फेरारी 250 जीटीओ हे या व्यवस्थेचे एक उपरोधपूर्ण उदाहरण आहे. तिच्या नावातील शेवटचे अक्षर 'ओमोलोगातो', म्हणजे 'मान्यताप्राप्त', या इटालियन शब्दाचे आहे. संबंधित गटाची अट 100 गाड्यांची होती. परंतु 1962 ते 1964 या काळात या प्रकारच्या केवळ 36 गाड्या निघाल्या. ही नवी गाडी नसून आधीच मान्यता मिळालेल्या 250 जीटी या गाडीचेच सुधारित रूप आहे, असा युक्तिवाद कंपनीने केला आणि तो मान्य झाला. आज ज्या दुर्मिळतेचे गोडवे गायिले जातात, ती येथे नियमातील पळवाटेची निष्पत्ती आहे. कलावंताने प्रती मर्यादित ठेवण्याचा संकल्प करावा, तसा प्रकार येथे घडलेला नाही.

पोर्शेची स्थिती याच्या उलट होती. 1967 साली या कंपनीने 911 आर नावाची अत्यंत हलकी गाडी तयार केली. पण प्राथमिक नमुने सोडल्यास तिच्या 20 गाड्याच निघाल्या. 500 गाड्यांची अट पुरी न झाल्याने तिला अपेक्षित गटात स्थान मिळू शकले नाही. पाच वर्षांनी, अर्न्स्ट फुरमान यांच्या नेतृत्वाखाली, कंपनीने पुन्हा प्रयत्न केला. ऑक्टोबर 1972 मध्ये पॅरिस येथील प्रदर्शनात 911 कॅरेरा आरएस 2.7 सादर झाली. 'आरएस' ही अक्षरे 'रेनश्पोर्ट', म्हणजे शर्यतीचा खेळ, या जर्मन शब्दावरून आली आहेत. इतकी उघडीबोडकी गाडी 500 ग्राहक घेतील काय, अशी शंका कंपनीच्या विक्री विभागालाच होती. प्रत्यक्षात नोव्हेंबरअखेर पहिल्या 500 गाड्यांची विक्री ठरली आणि एकूण संख्या 1,580 वर गेली.

3. वजाबाकीची रचना :

कॅरेरा आरएसच्या हलक्या आवृत्तीचे, म्हणजे 'स्पोर्ट' या प्रकाराचे, वजन 960 किलोग्रॅम होते. ते साधण्यासाठी काय काय काढले याची यादी शौकिनांना तोंडपाठ असते. मागची आसने, गालिचा, आवाज रोखणारे अस्तर, हात टेकण्याची सोय आणि घड्याळ हे सर्व काढून टाकले. पत्रा व काचा नेहमीपेक्षा पातळ वापरल्या. आतून दार ओढून घेण्यासाठी साधा पट्टा बसविला. इंजिन 2,687 घनसेंटिमीटर क्षमतेचे आणि 210 अश्वशक्तीचे होते. म्हणजे एका अश्वशक्तीमागे सुमारे 4.6 किलोग्रॅम वजन येत होते.

ही यादी आकड्यांची म्हणून वाचली तर तिचे मर्म हाती लागत नाही. वजन कमी झाल्याने गाडी केवळ जलद पळते असे नाही. ब्रेकना कमी वस्तुमान रोखावे लागते, टायरांवर वळणात कमी भार येतो, सस्पेन्शनला कमी झटके सोसावे लागतात. एका घटकातील बदल सर्व घटकांत झिरपतो. 911 चे इंजिन मागच्या आसाच्याही मागे असल्याने तिचा मागचा भाग जड असतो. म्हणून मागची चाके सात इंच आणि पुढची सहा इंच रुंदीची ठेवली. वेग वाढला की मागचा भाग हवेच्या दाबातील फरकामुळे वर उचलला जाई. त्यावर उपाय म्हणून इंजिनाच्या झाकणावर वर वळलेला उंचवटा बसविला. जर्मनीत त्याला बदकाच्या शेपटीचे नाव मिळाले. आज ही शेपटी गाडीची सर्वांत प्रसिद्ध खूण आहे. परंतु ती शोभेसाठी योजलेली नव्हती. मागच्या चाकांची रस्त्यावरील पकड टिकविणे हे तिचे काम होते.

येथे मराठी रसिकाला परिचित असलेल्या एका कलेचा दाखला उपयोगी पडेल. भूप रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य असतात. हे स्वर नाहीत म्हणून राग अपुरा ठरत नाही. उलट त्यांच्या वर्ज्यतेमुळे उरलेल्या पाच स्वरांतील नाती स्पष्ट होतात आणि रागाला स्वतःचे रूप येते. मात्र केवळ स्वर वगळल्याने राग निर्माण होत नाही. जे वगळले त्याचा जे राखले त्याच्याशी संबंध असावा लागतो. कॅरेरा आरएसमधील घड्याळाचा अभाव हा स्वतंत्रपणे सौंदर्याचा गुण नव्हे. पातळ पत्रा, रुंद चाके, शेपटी आणि इंजिन यांच्याशी तो एका हेतूने बांधला गेला आहे, म्हणून तो अर्थपूर्ण ठरतो. वजाबाकीचे सौंदर्य हे अशा परस्परसंबंधाचे सौंदर्य आहे.

या हेतूची सत्यता शर्यतीत सिद्ध झाली. कॅरेरा आरएसवरून घडविलेल्या आरएसआर या गाडीने 1973 साली अमेरिकेतील डेटोना येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली आणि त्याच वर्षी सिसिलीतील तार्गा फ्लोरिओ ही डोंगरी रस्त्यांवरील शर्यतही जिंकली. रचनेने जे प्रतिपादन केले होते त्याचा पडताळा ट्रॅकवर मिळाला. साहित्यकृतीच्या बाबतीत असा बाह्य पडताळा उपलब्ध नसतो. शर्यतीच्या गाडीच्या बाबतीत तो असतो, हे या आस्वादक्षेत्राचे वैशिष्ट्य नोंदविले पाहिजे.

4. अभिरुचीची उत्तरकालीन घडण :

कॅरेरा आरएसच्या कीर्तीचा विचार करताना एक तपशील सहसा दुर्लक्षित राहतो. 1,580 गाड्यांपैकी 'स्पोर्ट' प्रकारच्या गाड्या केवळ 200 होत्या. 'टुरिंग' या आरामदायी प्रकारच्या गाड्या 1,308 होत्या. म्हणजे दर 100 ग्राहकांपैकी सुमारे 83 ग्राहकांनी टुरिंग पसंत केली. शर्यतीसाठीच्या आरएसआर 55 आणि मान्यतेसाठी मूळ रूपात ठेवलेल्या गाड्या 17 होत्या. अभियंत्यांनी जे काढून टाकले होते, ते 2,500 मार्क जादा मोजून ग्राहकांनी परत मागून घेतले. त्यामुळे टुरिंगचे वजन 1,075 किलोग्रॅम झाले.

समकालीन ग्राहकाची अभिरुची आणि आजच्या शौकिनाची अभिरुची यांत असलेले अंतर या आकड्यांतून स्पष्ट होते. 1973 च्या ग्राहकाला वेगवान पण सुखकर गाडी हवी होती. आज मात्र जाणकारांच्या वर्तुळात 'स्पोर्ट' हीच अस्सल आवृत्ती मानली जाते आणि तिला टुरिंगपेक्षा कितीतरी अधिक किंमत मिळते. हलकेपणाची ही प्रतिष्ठा गाडीच्या जन्माबरोबर आलेली नाही. ती पुढच्या दशकांत घडली. सुरक्षिततेचे नियम, वातानुकूलन, विद्युत उपकरणे, चालकाला साहाय्य करणाऱ्या यंत्रणा यांमुळे गाड्या क्रमाने जड होत गेल्या. गाडी आणि चालक यांच्यामध्ये मध्यस्थ वाढत गेले. या पार्श्वभूमीवर मागे वळून पाहताना 960 किलोग्रॅमची गाडी हरवलेल्या थेटपणाची प्रतिमा बनली. वाङ्मयेतिहासातही एखादी कृती तिच्या काळात दुय्यम ठरते आणि पुढच्या पिढीच्या गरजेतून केंद्रस्थानी येते. तसाच हा प्रकार आहे.

या घडणीत मोटारविषयक लेखनाचा वाटा मोठा आहे. डेनिस जेंकिन्सन हे 1955 च्या मिले मिल्या शर्यतीत विजेत्या स्टर्लिंग मॉस यांच्या शेजारी मार्गदर्शक म्हणून बसले होते. बेल्जियमचे पॉल फ्रेर यांनी 1960 साली ल मां येथील शर्यत फेरारी गाडीतून जिंकली आणि पुढे पोर्शे 911 विषयी प्रमाणभूत ग्रंथ लिहिला. अशा लेखकांनी अनुभवाला परिभाषा दिली. वळणात गाडीचे पुढचे टोक बाहेर जाणे, मागचे टोक सुटणे, स्टिअरिंगची जिवंतता यांविषयी नेमके बोलता येईल अशी भाषा त्यांच्या लेखनामुळे वाचकांना मिळाली. परिणामतः ज्याने ही गाडी कधी चालविलेली नाही, किंबहुना प्रत्यक्ष पाहिलेलीही नाही, असा वाचकही तिचा जाणकार होऊ शकला. 1997 साली आलेल्या ग्रॅन तुरिस्मो या संगणकीय खेळाने दुर्मिळ गाड्यांच्या वर्तनाविषयीचे कुतूहल आणखी मोठ्या वर्गापर्यंत नेले. या क्षेत्रातील आस्वादकांचा समुदाय मालकांच्या समुदायापेक्षा अनेक पटींनी मोठा आहे. हस्तलिखित स्वतःच्या मालकीचे नसतानाही वाचक काव्याचा रसिक असतो, तसेच हे आहे.

5. हेतू लोपला, खुणा उरल्या :

होमोलोगेशनच्या अटी पुढे बदलत गेल्या आणि रस्त्यावरील गाडी व शर्यतीची गाडी यांतील सांधा अनेक ठिकाणी निखळला. फेरारीने 1984 साली 288 जीटीओ ही गाडी 'ग्रुप बी' या गटासाठी तयार केली. 1986 नंतर त्या गटाला भवितव्य उरले नाही. 1987 साली आलेल्या एफ 40 या गाडीवर कोणत्याही शर्यतीच्या नियमाची सक्ती नव्हती. तरीही तिच्यात गालिचा नव्हता, रेडिओ नव्हता, आतून दार उघडण्यासाठी तारेची दोरी होती आणि आरंभीच्या गाड्यांना सरकत्या प्लॅस्टिकच्या खिडक्या होत्या. एफ 40 खरोखरच हलकी व अतिशय वेगवान होती, त्यामुळे तिचा साधेपणा खोटा म्हणता येत नाही. परंतु तो आता नियमाने लादलेला नव्हता. तो शैली म्हणून निवडलेला होता. सुमारे 400 गाड्यांचा संकल्प असताना मागणीमुळे तेराशेच्या आसपास गाड्या निघाल्या, हेही लक्षणीय आहे. कठोरपणालाच बाजारपेठ मिळाली होती.

पुढची पायरी पोर्शेच्या 2016 सालच्या 911 आर या गाडीत दिसते. नाव 1967 च्या गाडीचे आहे. 500 अश्वशक्तीचे इंजिन, हाताने बदलावयाचे सहा गिअर आणि दाराला कापडी पट्टा आहे. गाड्यांची संख्या 991 ठरविली. ती त्या पिढीतील 911 चा अंतर्गत क्रमांक होती. 1973 साली 500 हा आकडा बाहेरून, शर्यतीच्या नियमातून आला होता. 2016 साली 991 हा आकडा आतून, प्रतीकाच्या गरजेतून आला. 1973 सालचा दाराचा पट्टा काही ग्रॅम वाचविण्यासाठी होता. 2016 सालचा पट्टा त्या पट्ट्याचे अवतरण आहे. या गाड्या बाजारात येताच मूळ किमतीहून कितीतरी अधिक किमतीला पुन्हा विकल्या जाऊ लागल्या. चालविण्यातील आनंद हेच जिचे घोषित प्रयोजन, त्या गाडीचा व्यवहार न चालविता होऊ लागला.

फेरारीच्या 2005 सालच्या एफएक्सएक्स या गाडीत ही प्रक्रिया टोकाला पोचली. सुमारे 30 निवडक ग्राहकांसाठी तयार केलेली ही गाडी रस्त्यावर चालविण्यास मान्यता नाही आणि ती कोणत्याही स्पर्धेच्या गटातही बसत नाही. कंपनीने योजलेल्या विशेष दिवशी ट्रॅकवर ती चालवावयाची असते. शर्यतीसाठी गाडी हवी म्हणून रस्त्यासाठी गाड्या विकण्यापासून या परंपरेचा आरंभ झाला. रस्ता आणि शर्यत या दोहोंनाही पारख्या असलेल्या गाडीपाशी ती येऊन ठेपली. येथे अनुभव अस्सल असू शकेल, वेगही विलक्षण आहे. परंतु ज्या बाह्य पडताळ्यामुळे आरएसची वजाबाकी अर्थपूर्ण ठरली होती, तो पडताळाच येथे उरलेला नाही.

याला अपवाद नाहीत असे नव्हे. गॉर्डन मरे यांनी संकल्पिलेली आणि 1992 साली सादर झालेली मॅक्लारेन एफ 1 ही मुळात रस्त्याची गाडी होती. सर्व प्रकार मिळून तिच्या 106 गाड्या निघाल्या. शर्यतीचा विचार नंतर आला आणि तिच्या जीटीआर या रूपाने 1995 साली ल मां जिंकली. तिने आरामाच्या सोयी सरसकट नाकारल्या नाहीत. प्रत्येक वस्तू, अगदी ध्वनियंत्रणासुद्धा, हलकी करून घेतली. हेतू दृढ असेल तर नियमाच्या सक्तीवाचूनही रचनेत एकात्मता येऊ शकते, हे या गाडीने दाखविले. म्हणून दोष शर्यतीपासून दूर जाण्यात नसून हेतूच्या जागी हेतूच्या खुणा आणून बसविण्यात आहे, असे म्हणावे लागते.

6. वापर की जतन ?

येथे या चिकित्सेतील मध्यवर्ती प्रश्न उपस्थित होतो. चालविण्यासाठी घडविलेल्या वस्तूचा आस्वाद तिला न चालविता घेता येईल काय ? 2018 साली अमेरिकेतील मॉन्टेरे येथील लिलावात एका 250 जीटीओला 4 कोटी 84 लाख डॉलर किंमत आली. 2019 साली इटलीतील बोलोन्या येथील न्यायालयाने या गाडीच्या रूपाला कलाकृती म्हणून संरक्षण दिले आणि तिच्या प्रतिकृती बनविण्यास मज्जाव केला. शौकिनांना हा गौरव वाटला. परंतु कलाकृती हा दर्जा मिळताच वस्तू काचेमागे जाण्याची शक्यता वाढते. गाडीचे मूल्य चालण्यातून सरकून क्रमांकांत जाते. सांगाडा व इंजिन यांवरील क्रमांक जुळतात काय, रंग मूळचा आहे काय, मीटरवर किती कमी अंतर आहे, हेच निकष ठरतात. साध्या 911 ला शेपटी बसवून आरएसचे रूप देण्याचे प्रकार झाल्याने ही पडताळणी आवश्यकही ठरते. मात्र पुराव्याची तपासणी म्हणजे आस्वाद नव्हे. पाठचिकित्सा ही काव्यास्वादाची पूर्वतयारी असते, त्याची जागा ती घेऊ शकत नाही.

जतनाच्या पक्षाला बळ नाही असे मात्र म्हणता येणार नाही. अपघातात नष्ट झालेला मूळ पत्रा पुन्हा मिळत नाही, आणि धनिक संग्राहकांनी पैसा ओतला नसता तर अनेक गाड्या भंगारात गेल्या असत्या. तरीही वापर आणि जतन यांत अटळ विरोध नाही. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची ट्यूरिन सनद वाहनांच्या वापराला जतनाचाच भाग मानते. इंग्लंडमध्ये 1998 पासून भरणाऱ्या गुडवुड रिव्हायव्हलमध्ये 250 जीटीओसारख्या गाड्या आजवर शर्यतीत उतरत आल्या आहेत. पिंक फ्लॉइड या संगीतसमूहाचे ड्रमवादक निक मेसन यांनी 1970 च्या दशकात घेतलेली आपली जीटीओ दीर्घकाळ शर्यतींत चालविली. अभिनेते रोवन अ‍ॅटकिन्सन यांनी आपली मॅक्लारेन एफ 1 सुमारे 41,000 मैल चालविली. तिला दोन अपघात झाले, ती दुरुस्त झाली आणि 2015 साली सुमारे 80 लाख पौंडांना विकली गेली. वापराने मूल्य नष्ट होतेच, हा समज या उदाहरणापुढे टिकत नाही.

7. सामाजिक आक्षेप :

या आस्वादावर घेतला जाणारा मोठा आक्षेप वर्गीय आहे. थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी 1899 साली दिखाऊ उपभोगाची संकल्पना मांडली. वजाबाकीच्या गाड्यांना ती विशेष लागू पडते. कारण अधिक पैसे देऊन कमी सोयी घेणे, हे सुखवस्तूपणाचे सूक्ष्म प्रदर्शन ठरू शकते. ज्याला गालिचाची वानवा आहे त्याला गालिचाच्या त्यागाचे कौतुक वाटत नाही. त्याशिवाय इंधनाचा अपव्यय आणि गोंगाट यांविषयीचे प्रश्नही रास्त आहेत.

हे आक्षेप मालकीच्या व्यवहाराला लागू पडतात, यात शंका नाही. परंतु आस्वादाचे संपूर्ण स्पष्टीकरण त्यांतून मिळत नाही. मालकीची शक्यताच नसलेला वाचक 960 किलोग्रॅम या आकड्यामागील युक्तिवाद समजून आनंदित होतो, तेव्हा तो कोणतेही प्रदर्शन करीत नसतो. त्याचा आनंद हा रचनेतील तर्कसंगती उमगल्याचा आनंद असतो. मालकाचा अभिमान आणि रसिकाची जाण यांची गल्लत केल्याने टीकाकारही चुकतो आणि शौकीनही. टीकाकार जाणीला ऐट समजतो. शौकीन ऐटीला जाण समजतो.

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

1. ट्रॅककेंद्री स्पोर्ट्स कारचे सौंदर्य परायत्त स्वरूपाचे असून त्यातील वजाबाकी हेतूशी सुसंगत असेल तेव्हाच तिला सौंदर्यमूल्य लाभते.

2. दुर्मिळता हा मूलतः नियमांचा आणि परिस्थितीचा परिणाम होता. तिला स्वतंत्र मूल्य मानणे म्हणजे परिणामाला कारण समजणे होय. 36, 500 आणि 991 या तीन आकड्यांचे उगम भिन्न आहेत; त्यांचा अर्थही भिन्न आहे.

3. शुद्धतेविषयीची आजची अभिरुची उत्तरकालीन आहे. कॅरेरा आरएसच्या बहुसंख्य समकालीन ग्राहकांनी टुरिंग निवडली, हे विसरून तिच्या सुवर्णकाळाची कल्पना करणे इतिहासाला धरून नाही.

4. हेतू लोपून खुणा उरतात तेव्हा आस्वादाचे रूपांतर चिन्हपूजेत होण्याचा धोका असतो. 'याने कोणते काम साधले ?' हा प्रश्न प्रत्येक तपशिलाला विचारणे, हाच त्यावरील उपाय आहे.

5. वापर हा या वस्तूंच्या अर्थाचा घटक आहे. न चालणाऱ्या गाडीचे अवशेषमूल्य व बाजारमूल्य राहू शकते. तिचे आस्वादमूल्य मात्र उसन्या स्मृतीवर जगते.

वस्तूविषयीचे प्रेम आणि वस्तूची जाण या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, परंतु त्या एक नव्हेत. कॅरेरा आरएसच्या घडणीत सामील असलेल्या अभियंत्यांना दुर्मिळ वस्तू निर्माण करावयाची नव्हती. त्यांना एक वळण अधिक वेगाने पार करावयाचे होते. त्यांच्या कामाचा खरा सन्मान ते वळण आणि तो हेतू समजून घेणाऱ्या रसिकाकडून होतो. असा रसिक गाडीचा मालक असेल किंवा नसेल. आस्वादाच्या दृष्टीने तो मुद्दा गौण आहे.